सुलाबाईंच्या गुडघ्यातली गादी

आमच्या कॉलेजात पाहुणे आले की त्यांना मशीन दाखवायची पद्धत होती. ते चालतं ठेवणारा माणूस दाखवायची नव्हती. त्यामुळे झुंबर केदारे हे नाव तुमच्या कानावर आलं असण्याची शक्यता नाही. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. त्यांच्या जिवावर मी सात वर्षं संशोधन केलं आणि पीएच.डी. झाले. आज लोक मला 'डॉक्टर' म्हणतात, आणि दर वेळी मला टोचतं. का टोचतं ते सांगायला बसले आहे. रडगाणं वाटलं तर वाटू दे.

१९७८ साली मी कुलथेसरांकडे संशोधनाला लागले. विषय असा होता: पाण्याने फुगलेलं, बोटाला गुळगुळीत लागणारं जेल घ्यायचं, त्यावर काच घासायची, आणि ती इतक्या सहज का घसरते ते शोधायचं. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "घसरण्यात पीएच.डी.? मग आमच्या मोरीतच बस की, शेवाळ भरपूर आहे," म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की आपल्या सांध्यांत हाडांच्या टोकांवर जी मऊ गादी असते, तीही अशीच पाण्याने भरलेली असते. ती शाबूत आहे तोवर माणूस उठतो, बसतो, चालतो. जेलमधलं पाणी कळलं तर त्या गादीचं थोडंफार कळेल, एवढाच आमचा मतलब होता. त्या 'एवढाच'वर सारी गोष्ट अडली आहे.

पाणी बघण्यासाठी आमच्याकडे इन्फ्रारेडचं मशीन होतं. मुंबईच्या एका औषध कंपनीने नवं घेतलं, तेव्हा जुनं आमच्या गळ्यात पडलं. डोळ्यांना न दिसणारा उष्ण प्रकाश जेलच्या अगदी कडेपर्यंत पोचवायचा, आणि तिथलं पाणी त्यातला किती गिळतं ते मोजायचं. मशीनचं पेन कागदावर रेघ काढत जायचं; पाणी जास्त असेल तिथे रेघेला मोठा खड्डा पडायचा. मशीनच्या आत मिठाच्या काचा होत्या, खरोखरीच्या मिठाच्या. पावसाळ्यातली दमट हवा लागली तरी त्या धुरकट व्हायच्या. त्यासाठी आत ओल शोषणारे निळे खडे ठेवलेले असत. खडे ओले झाले की गुलाबी पडत, आणि झुंबरभाऊ ते भाजून पुन्हा निळे करत. गणपतीची सुट्टी असो की दिवाळीची, ते एकदा येऊन खडे बघून जायचे. सात पावसाळ्यांत आमची एक काच खराब झाली नाही. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांनाही ही फुशारकी मारता आली नसती.

जेल बनवायचं काम तर निम्म्याहून अधिक त्यांचंच. एक पांढरी पावडर गरम पाण्यात विरघळवून तिची खळ करायची, साच्यात ओतायची, गोठवायची, मग सावकाश वितळू द्यायची. असं सहा वेळा केलं की त्या खळीचा रबरासारखा ओला तुकडा होतो. आता गोठवायचं कुठे? कॉलेजच्या एकुलत्या एक फ्रिजवर जीवशास्त्रवाल्यांची सत्ता होती आणि त्यात बेडूक झोपलेले असत. त्यात वीज जायची. शेवटी झुंबरभाऊंनीच मार्ग काढला. गावातल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीचा फोरमन होता. रोज संध्याकाळी ते सायकलच्या कॅरिअरला पत्र्याचा डबा बांधून साचे तिकडे नेत, बर्फाच्या लाद्यांच्या टाकीत सोडत, आणि सकाळी कॉलेज उघडायच्या आत घेऊन येत. एका जेलला सहा दिवस लागत. मी हिशोब केलाय, माझ्या प्रबंधातल्या प्रत्येक आलेखामागे त्यांच्या सायकलचे निदान पन्नास मैल आहेत.

ते मूळचे निफाडकडचे, सातवी पास. पन्नाशीला आलेले, शिडशिडीत, खाकी कपड्यांची घडी कधी न मोडणारे. इंग्रजी येत नव्हतं, पण बाटल्यांवरची नावं आकारावरून ओळखत आणि माझ्याहून सुबक अक्षरात नव्या चिठ्ठ्यांवर उतरवून काढत. मला 'बाई' म्हणत. शिकलेल्या माणसाबद्दल त्यांना जो आदर होता, तो पाहून मला कधी कधी अवघडल्यासारखं व्हायचं. "आमच्या वस्तीत लिहिलेला कागद पायाखाली येऊ देत नाय, बाई," ते एकदा म्हणाले होते. "लय उशिरा हातात आला ना तो."

माझं काम दोन वर्षं रखडलं होतं. एकच जेल, एकच काच, आणि दर वेळी आकडे वेगळे. कधी काच सुळकन जाई, कधी चिकटून बसे. मी वैतागून साचा टेबलावर आपटला, तर झुंबरभाऊ हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही वजन ठेवून चहाला जाता, म्हनून चिकटतंय ते. दाबून ठेवलं की त्यातलं पानी जातंय. जरा हलवत ऱ्हावा, मंग येतंय परत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या हिचा गुडघा असाच हाय. बसून उठली की लाकूड. चार पावलं चालली की सुटतोय."

मी त्या दिवसापासून जेल दाबून, सोडून, पुन्हा दाबून मशीनमध्ये पाहू लागले. ते म्हणाले तसंच निघालं. दाबलं की कडेचं मोकळं पाणी निघून जाई, रेघेतला खड्डा उथळ होई, आणि घर्षण वाढे. भार उचलला की पाणी परत येई. माझा प्रबंध तिथून उभा राहिला. कुलथेसरांनी माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली.

'ही' म्हणजे सुलाबाई. लग्नाआधी द्राक्षबागांत आणि नंतर नाशिकला बांधकामांवर डोक्यावरून विटा-वाळू वाहून चाळिशीतच त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. दर बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या बायका लेण्यांवर जायच्या. सुलाबाई खाली पायथ्याशीच थांबायच्या आणि सगळ्यांच्या चपला राखायच्या. झुंबरभाऊ हे हसत सांगायचे, पण सांगितल्यावर हातातलं काम उगाच दोनदा करायचे.

१९८१च्या जानेवारीत कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं. आमच्या टेबलापाशी कुणी थांबेना. पाण्याचा खड्डा बघायला कोण थांबणार? शेजारी भौतिकशास्त्रवाल्यांनी ठिणग्या उडवून सगळं गाव गोळा केलं होतं. तेव्हा मी पुठ्ठा घेतला, लाल रंगात ब्रश बुडवला आणि ठसठशीत लिहिलं: 'गुडघ्यातली नवी गादी! आमच्या प्रयोगशाळेत तयार होत आहे.' सर म्हणाले, "थोडं जास्त होतंय का?" मी म्हटलं, "प्रदर्शनच आहे, सर." आणि रांग लागली. झुंबरभाऊ कडक इस्त्रीच्या कपड्यांत टेबलामागे उभे राहून लोकांना जेलवर बोट फिरवू देत होते. त्यांनी तो फलक दिवसभरात किती वेळा वाचला असेल, कोण जाणे. संध्याकाळी आवराआवर करताना त्यांनी विचारलं, "हे खरं हाय ना, बाई?"

मी ब्रश धूत होते. "काम चाललंय की," म्हटलं.

हे खोटं नव्हतं. मी अशी खोटं नसलेली वाक्यं बोलण्यात तेव्हाच तरबेज झाले होते. पण माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आलंही होतं. त्या दिवसानंतर झुंबरभाऊ साचे असे हाताळू लागले की जणू त्यातला एखादा उद्या घरी न्यायचाय. जेलचे बुडबुडे सुईने काढू लागले. "गोल साचा करून बघू का? गुडघ्याच्या मापाचा?" असं एकदा विचारलं. तेव्हाच त्यांना बसवून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माणूस जीव लावून काम करतो आहे, माझं काम पुढे सरकतं आहे, मग कशाला त्याचा हिरमोड करा, असं मी स्वतःला समजावलं. मनात 'हिरमोड' हाच शब्द वापरला मी.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी मी पहिल्या मजल्यावर मशीनपाशी होते. पेनातली शाई वाळली होती, सरांना दुपारपर्यंत आलेख हवा होता, आणि मी पेन झटकत होते. झुंबरभाऊ धापा टाकत जिना चढून आले. खिशात एक घडी केलेला कागद होता, त्यावर हात ठेवलेला.

"बाई, एक विचारायचं व्हतं. आपली ही गादी... मानसाच्या गुडघ्यात बसल ना? खरं सांगा."

"बसेल की."

"कधी?"

"दोन-तीन वर्षांत," मी म्हणाले. मान वर न करता.

ते तसेच खाली पळाले. पेन चालू झाल्यावर मी खिडकीशी हात पुसायला गेले, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसलेली दिसली. सुलाबाई. त्यांना जिना चढता येत नव्हता, म्हणून त्या खाली थांबल्या होत्या. झुंबरभाऊ त्यांच्यापुढे उकिडवे बसून हातवारे करून काही सांगत होते. मग त्यांनी बायकोला काखेत हात घालून उठवलं आणि दोघं फाटकाकडे गेली.

खिशातला कागद होता एका ट्रस्टच्या दवाखान्यातला. मुंबईचे एक हाडांचे डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा येत. गुडघ्याखालचं हाड जरासं कापून ते पाय सरळ करायचे, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार उरलेल्या चांगल्या बाजूवर येतो. सुलाबाईंचं नाव पुढच्या गुरुवारच्या यादीत होतं. हाड कापणार म्हणून नवरा धास्तावला होता, बायको तयार होती. आणि माझं ऐकून काय ते ठरवायचं म्हणून ती दोघं आली होती. मी "बसेल की" म्हणाले, आणि त्यांनी नाव काढून घेतलं. हे मला कळलं तीन वर्षांनी.

१९८५च्या जूनमध्ये पुणे विद्यापीठाचं पत्र आलं. मी डॉक्टर झाले. सर निवृत्त होऊन पुण्याला निघाले होते, मला सटाण्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती. प्रयोगशाळेत पेढे वाटून झाले. सगळे गेल्यावर झुंबरभाऊ मशीनवर फडकं घालता घालता म्हणाले, "मंग हिला आता कधी आनू?"

"कुणाला?"

"आमच्या सुलाला. तुमचं पास झालं ना आता. गादी बसवायला कधी आनू?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, "झुंबरभाऊ, आपण गादी बनवत नव्हतो. आपण फक्त त्यातलं पाणी मोजत होतो."

"मोजत व्हतो."

"हो. हे जेल शरीरात घालता येत नाही. दोन दिवसांत फाटेल. अजून कुणालाच येत नाही ते."

"फक्त मोजत व्हतो," ते पुन्हा म्हणाले. आवाज चढला नाही. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला. घड्यांवर विरलेला, मागून पट्टी चिकटवलेला. मी तो वाचला, त्यावरची तारीख वाचली, आणि मला ती सकाळ, पेन, जिना, सगळं आठवलं. त्यांनी एका शब्दाने ते बोलून दाखवलं नाही.

मी धावपळ केली. माणूस चूक निस्तरायला करतो तशी. पुढच्याच महिन्यात त्या दोघांना रिक्षात घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. सुलाबाईंना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. "आता काही उपयोग नाही," ते म्हणाले. "दोन्ही बाजू गेल्या. हाडावर हाड घासतंय. त्या वेळी चांगली बाजू शिल्लक होती." मग कागद उलटून बघत त्यांनी झुंबरभाऊंना विचारलं, "नाव काढून का घेतलंत?"

मी तिथेच होते. हातभर अंतरावर. झुंबरभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"घरी अडचन व्हती, साहेब."

डॉक्टर वैतागून म्हणाले, "तुम्ही लोक ना..." आणि पुढचा पेशंट बोलावला. मी तोंड उघडलं नाही. मी डॉक्टर, ते डॉक्टर. दोन शब्द बोलायला काय लागत होतं? पण मी पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. त्या रुमालाची मला आजही किळस येते.

सटाण्याला गेले. पोरांना शिकवू लागले. पण घास गोड लागेना. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला आले आणि पत्ता काढत त्यांच्या घरी गेले. नाशिकरोडकडे वस्तीत दोन खोल्या, शेणाने सारवलेलं लखलखीत अंगण. झुंबरभाऊ नळावर पाणी भरायला गेले होते. सुलाबाई जमिनीवर बसूनच हातांच्या जोरावर सरकत सरकत चुलीपासून दारापर्यंत आल्या आणि मला पाट दिला. त्या आता उभ्या राहतच नव्हत्या.

"बसा, बाई. ह्यांच्या तोंडी कायम तुमचं नाव," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "मानूस चांगलाय हो, पन डोकं नाय. बघा ना, तुम्ही बिचाऱ्या पानी मोजत व्हता, आन ह्यांनी आपल्या मनानंच गादी बनवली! मला म्हनले, बाईंनी शब्द दिलाय. डाक्टरांकडून आलो आन मंग कबूल केलं, की बाई तसं कधी बोलल्याच नाय, माझीच समजूत चुकली म्हनून. मी म्हनलं, तुमच्या समजुतीनं माझे पाय नेले. रोज बोलते मी त्यांना. बोलनारच. भाकरी थापताना बोलते, झोपताना बोलते. मुकाट ऐकून घेत्यात."

म्हणजे या माणसाने डॉक्टरांपुढे मला झाकलं होतं आणि घरातही झाकलं होतं. बायकोच्या नजरेतून उतरून घेतलं, का, तर शिकलेल्या बाईला बोल लागू नये म्हणून.

"सुलाबाई," मी म्हणाले, "ते खरं सांगत नाहीत. मी बोलले होते."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. फलक मी लिहिला. त्या सकाळी तुम्ही खाली पायरीवर बसला होता तेव्हा ते वर आले, मला विचारलं, आणि मी बसेल म्हणाले. दोन-तीन वर्षांत, म्हणाले. मला माहीत होतं बसणार नाही. ऑपरेशनचं माहीत नव्हतं, पण बसणार नाही हे माहीत होतं.

"मंग म्हनलात कशाला?"

"मला घाई होती," मी म्हणाले. दुसरं कारणच नव्हतं. "आणि त्यांनी मन लावून काम करावं असं वाटत होतं."

मला वाटलं होतं सुलाबाई शिव्या देतील. मी त्यासाठीच आले होते बहुतेक, शिव्या खाऊन मोकळं व्हायला. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो खणखणीतपणाच उतरत गेला. त्यांनी पदर सारखा केला, माझ्या पाटाकडे, पायांतल्या मोज्यांकडे, खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं, आणि नजर खाली घातली. "असू द्या," एवढंच म्हणाल्या. परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी अदबीने.

तेवढ्यात झुंबरभाऊ दोन्ही हातांत कळशा घेऊन दारात आले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, मग बायकोकडे बघून थबकला. सुलाबाई म्हणाल्या, "अवं, बाईंनी सांगितलं समदं. तुमची समजूत बरोबर व्हती." आणि त्या रडू लागल्या. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

झुंबरभाऊंनी कळशा खाली ठेवल्या. सात वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"कशाला सांगितलं, बाई?" ते म्हणाले. "माझ्यावर राग काढत व्हती, तवर बरी व्हती ती. भांडायची, जेवायची. आता कुणावर काढल? तुमच्यावर?"

मी पाटावरून उठले. सुलाबाईंनी डोळे पुसले आणि सवयीने विचारलं, "चहा घेऊन जाता का?" मी नको म्हटलं. झुंबरभाऊ मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले नाहीत.